पाटीवरचा टॉवेल

माझ्या नाकावर कायम राग असतो, हे आमच्या कंपनीत जिने झाडणाऱ्या मावशींपासून सगळ्यांना ठाऊक आहे. मी रागाच्या भरात बोलते आणि पाच मिनिटांत विसरते, असं मीच स्वतःबद्दल मोठ्या कौतुकानं सांगत आले. बोलणारा विसरतोच हो, त्यात कसलं कौतुक! ऐकणारा काय करतो हे मला कप्तानांमुळे कळलं, आणि तेही वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

कप्तान म्हणजे आमच्या पहिल्या इमारतीचे केअरटेकर. सैन्यात, पोलिसात किंवा जहाजावर ते कधीच नव्हते. कापडाच्या एका चार मजली दुकानात त्यांनी बावीस वर्षं लिफ्ट चालवली होती. मग दुकानानं नवी, बटणांची लिफ्ट आणली. आपलं आपण बटण दाबायला गिऱ्हाइकाला कुणाची गरज नाही म्हणून यांना निरोप दिला. गणवेश परत घेतला, पण टोपी फार जुनी झाली होती, ती कुणी मागितली नाही. पुढे छज्जा असलेली ती काळी टोपी घालूनच ते आमच्याकडे नोकरी मागायला आले. माझा धाकटा दीर त्यांना बघून म्हणाला, ‘या कप्तान.’ तेव्हापासून भाडेकरूंचे, दूधवाल्याचे, सगळ्यांचेच ते कप्तान झाले. बायको आधीच गेलेली होती. एक मुलगी होती, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि घरी पडदे शिवायची.

माणूस कमी बोलायचा. टाकीत पाणी किती आहे ते बघायला कधी शिडी लावली नाही. टाकीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत तीन ठिकाणी बोटानं टकटक करायचे आणि सांगायचे, अर्ध्याच्या वर आहे, संध्याकाळपर्यंत पुरेल. कधी चुकलं नाही. चाळीस घरांच्या किल्ल्या त्यांच्या खोलीत खिळ्यांवर टांगलेल्या असायच्या, आणि अंधारातही हवी ती किल्ली हातात यायची. लिफ्टमध्ये मात्र स्वतः कधी बटण दाबलं नाही. बाजूला उभे राहून शेजारच्याला विचारायचे, ‘कितवा?’

आता आमच्या कंपनीबद्दल. कंपनी म्हणजे मी आणि दीर. आमचे हे या भानगडीत पडले नाहीत, दुरूनच मजा बघत राहिले. ज्यांनी इथे घर घेतलंय आणि स्वतः दुसरीकडे राहतात, त्यांची घरं आम्ही सांभाळायचो. भाडेकरू बघायचा, गळती बघायची, पंप, लिफ्ट, झाडलोट. सुरुवातीची वर्षं सगळं एका वहीवर आणि माझ्या फोनवर चाललं. पण मोठ्या इमारती हव्या असतील तर लोक नोंदणी विचारायला लागले. आमचे करसल्लागार म्हणाले, आता प्रायव्हेट लिमिटेड करून टाका आणि त्याबरोबर कराचीही नोंदणी घ्या. आणि दोन्हीला पत्ता लागेल, म्हणाले. नोंदणीकृत कचेरीचा पत्ता.

घोड्यानं पेंड खाल्ली ती इथे. कचेरी होती कुठे? कचेरी म्हणजे माझी पर्स. माझ्या घराचा पत्ता द्यायचा तर उद्या सरकारी माणसं दारात उभी राहतील, ते मला नको होतं. मग मला कप्तानांची खोली सुचली. तळमजल्यावर पंपाशेजारी दहा बाय बारा. एक कॉट, एक स्टोव्ह, एक फळी, किल्ल्यांची भिंत. इमारतीच्या मालकांनी ना हरकत लिहून दिली. फोटोसाठी आम्ही कॉट बाहेर काढून आत टेबल ठेवलं, आणि फोटो झाल्यावर टेबल बाहेर काढून कॉट आत ठेवली. कागदावर कंपनी पंपाशेजारी राहायला गेली. ‘तुमच्या खोलीला मान मिळतोय, कप्तान,’ मी म्हटलं होतं. मला ते तेव्हा थट्टेत म्हणायचं होतं. त्यांनी ते खरं मानलं.

नियम असा की नोंदवलेल्या पत्त्यावर कंपनीच्या नावाची पाटी दिसेल अशी लावायची, खाली नोंदणी क्रमांकासकट. दिरानं हौसेनं पितळेची पाटी करून आणली. कप्तानांनी ती दारावर स्वतः चार स्क्रूंनी बसवली आणि दर रविवारी लिंबानं घासायला लागले. मुलगी भेटायला आली की आधी पाटी दाखवायचे, मग पाणी द्यायचे. हे तिनंच मला एकदा हसत सांगितलं होतं. तेव्हा ती मला काकू म्हणायची.

पाटीचा एक ताप मात्र झाला. आमची कचेरी कुठे आहे हे लोकांना इतके दिवस माहीत नव्हतं, ते आता कळलं. फोन उचलला नाही की माणसं सरळ पंपाशेजारी हजर. एका दुपारी मी सहज डोकावले तर कॉटवर तीन भाडेकरू ओळीनं बसलेले, हातात पाण्याचे पेले, आणि कप्तान त्यांना माझा घरचा पत्ता समजावून सांगताहेत. माझं टाळकं सटकलं. भाडेकरू गेल्यावर मी कप्तानांना चांगलं झापलं. म्हटलं, इथून पुढे कुणीही, अगदी कुणीही कंपनी विचारत आलं तर सांगायचं, कंपनी इथे नाही. निरोप असेल तर लिहून ठेवा म्हणायचं. बाकी एक अक्षर बोलायचं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग दाराकडे बघून विचारलं, ‘आणि पाटी?’

‘पाटी सरकारसाठी आहे,’ मी म्हटलं. ‘लोकांसाठी नाही.’

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. या वाक्यावर त्यांनी बिचाऱ्यांनी दोन दिवस विचार केला असणार. कारण पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा पाटीच्या वर एक खिळा होता आणि खिळ्यावर त्यांचा अंगाचा टॉवेल. फाटकातून कुणी अनोळखी आत येताना दिसलं की ते टॉवेल पाटीवर ओढायचे. माणूस गेला की पुन्हा बाजूला. सरकारसाठी पाटी आहे आणि लोकांसाठी नाही, दोन्ही एकदम पाळायचं तर दुसरं काय करणार? मी पोट धरून हसले. नंतर हा किस्सा मी चार ठिकाणी सांगितला, त्यांच्या चालण्याची नक्कल करून. टॉवेल काढा असं मात्र एकदाही म्हटलं नाही, कारण तक्रारी घेऊन येणारे खरंच कमी झाले होते.

अशी दोन वर्षं गेली. मग आम्हाला चौसष्ट घरांची एक मोठी सोसायटी मिळायची वेळ आली. ती मिळाली असती तर आम्ही खरोखरची कंपनी झालो असतो. त्यांनी आम्हाला त्यांच्या सभेत बोलावलं. मी कप्तानांना मुद्दाम बरोबर नेलं. आमची माणसं किती जुनी, किती विश्वासू आहेत ते दाखवायला. त्यांनी शर्टाला इस्त्री केली होती. हॉलच्या दारापाशी टोपी नीट करून ते उभे राहिले.

दीर छान बोलला, मीही बोलले. मग सोसायटीचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आमच्या लेटरहेडवरचा कराचा नोंदणी क्रमांक बघून फोनमध्ये टाकायला लागले. हे कुणीही करू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. नोंदणीची स्थिती: रद्द. आठ महिन्यांपूर्वी. कारण: पाहणीच्या वेळी नोंदवलेल्या पत्त्यावर कंपनी आढळली नाही, नामफलक आढळला नाही.

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. खजिनदार शांतपणे म्हणाले, म्हणजे आठ महिने तुम्ही दर बिलावर कर लावताय, तो मेलेल्या क्रमांकावर. दीर माझ्याकडे बघायला लागला. त्याबद्दलची नोटीस त्याच्या जुन्या ईमेलवर गेली होती, ज्याचा पासवर्ड तो कधीचा विसरला होता, हे आम्हाला नंतर समजलं. पण मला त्या क्षणी टॉवेलच आठवला. सगळं एका झटक्यात लख्ख दिसलं. आणि तरी मी काय केलं? वळले आणि दाराकडे बोट दाखवलं.

‘आमच्या केअरटेकरांनी काहीतरी चुकीचं सांगितलं असणार,’ मी म्हटलं. ‘वय झालंय. गोंधळतात हल्ली.’

चौसष्ट घरांची माणसं मागे वळली. कप्तानांनी टोपी काढून हातात घेतली. ते काही बोलले नाहीत, आणि मला आठवतंय, मला तेव्हा बरं वाटलं, की चला, बोलले नाहीत. लाज अजून आली नव्हती. ती यायला वेळ लागतो.

ती सोसायटी गेली हे उघडच होतं. पण हातातल्या इमारतीही जाणार होत्या. करसल्लागार म्हणाले, रद्द झालेली नोंदणी परत सुरू करता येते, अर्ज करायचा, सुनावणी होते, पण रद्द का झाली याचं पटेल असं कारण लागतं. दीर म्हणाला, वहिनी, आपणच त्यांना तसं सांगितलं होतं ना. करसल्लागार पेन बंद करून म्हणाले, हे कारण नव्हे, ही कबुली झाली. पाटी लावून ती झाकायला सांगणं म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला जरा खुलासेवार ऐकवलं. मग त्यांनीच जबाब लिहून दिला. ‘मी, सदर कंपनीचा कर्मचारी, पाहणी अधिकारी आल्या असता निष्काळजीपणे व कोणाच्याही सूचनेशिवाय चुकीची माहिती दिली.’ खाली सहीला जागा.

दीर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्याला म्हटलं, अकरा माणसांची पोटं आहेत या कंपनीवर, तुझ्या तत्त्वावर ती भरणार नाहीत. आणि कप्तानांचं जाणार काय? सही तर करायची आहे. असं मी म्हटलं. शब्दांत तरबेज आहे मी.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी पंपाशेजारी गेले. पाटी उघडी होती, खिळ्यावर टॉवेल नव्हता. खोली झाडलेली, स्टोव्ह पुसलेला. कॉटवर बसायला त्यांनी मला जागा करून दिली आणि स्वतः उभे राहिले. मी कागद दिला. मला वाटलं होतं की न वाचता सही करतील. त्यांनी उजेडाकडे जाऊन वाचला, ओळीखाली बोट फिरवत, हळूहळू. ‘कोणाच्याही सूचनेशिवाय’ वर बोट आलं तेव्हा मी पंपाकडे बघायला लागले. बोट पुढे गेलं. मग मागे आलं आणि एका शब्दावर थांबलं.

‘वहिनी, ‘निष्काळजीपणे’ हा शब्द असायलाच हवा का?’

मी म्हटलं, करसल्लागारांनी लिहिलाय, कायद्याची भाषा असते ती. ते म्हणाले, बरं. आणि सही केली. धडधडीत खोटं होतं ते त्यांनी गिळलं होतं, आणि तो एक शब्द गिळवत नव्हता. मला ते कळलं. शब्द खोडायला माझ्याकडे पेन होतं. मी ते पर्समधून काढलं नाही.

मी उठले तर त्यांनी फळीवरून एक लांबट वही काढली आणि मला दिली. आल्यागेल्याची नोंद. दुकानात असताना लिफ्टच्या फेऱ्या लिहून ठेवायची सवय होती, ती त्यांनी इथेही चालू ठेवली होती. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी कधी बघितलीही नव्हती. एक दोरी त्यांनी खूण म्हणून मधल्या एका पानात घातली होती. मी तिथे उघडली. तारीख. ‘कर कार्यालयातून बाई आल्या. काम: कंपनी कुठे. टॉवेल टाकलेला होता. उत्तर: वहिनींनी सांगितल्याप्रमाणे, कंपनी इथे नाही. मग त्यांनी ओळखपत्र दाखवलं. वहिनींना फोन केला. दोनदा. उचलला नाही. बाई गेल्या.’

त्या दिवशी त्यांचे दोन फोन आल्याचं मला आठवत होतं. मी स्वयंपाकघरासाठी फरशा निवडत होते. पंपाचं काहीतरी असेल म्हणून कट केले होते.

 वाटलं, आता हे म्हणतील, उद्या ही वही दाखवतो. अगदी बरोबरच झालं असतं ते. ते म्हणाले, ‘ही तुमच्याकडे असू दे. कुणाच्या हाती लागायला नको.’

आणि मी ती घेतली. पर्समध्ये टाकली, साखळी ओढली. नको म्हणायचं तोंडाशी आलं होतं वगैरे मी म्हणणार नाही, आलं नव्हतं.

सुनावणीला त्याच अधिकारी बाई होत्या. बारीक चणीच्या, टेबलावर फाइलींचे दोन ढीग, मधून त्यांचं तोंड दिसायचं. जबाब वाचून त्यांनी कप्तानांना पुढे बोलावलं आणि बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. बाई म्हणाल्या, मला तुम्ही चांगले आठवता, तुम्ही मला बसायला कॉट झटकून दिली होती. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

‘मी ओळखपत्र दाखवल्यावर तुम्ही दोनदा कुणाला तरी फोन लावत होता. कुणाला?’

माझ्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये वही होती. मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली होती. शेजारी दिराचा श्वास ऐकू येत होता. एक वाक्य पुरलं असतं. ‘मला लावत होते, मी उचलला नाही.’ एवढंच.

‘मुलीला,’ कप्तान म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्यांना कळलं असावं असं मला अजून वाटतं. पण त्यांच्यासमोर सही केलेला जबाब होता आणि सही करणारा माणूस त्याला घट्ट धरून उभा होता. त्यांनी लिहायला घेतलं. महिन्याच्या आत नोंदणी पुन्हा चालू झाली. आठ महिन्यांचं जे काय भरायचं होतं ते भरलं, आणि कचेरी म्हणून एक खरा गाळा भाड्यानं घेतला. टेबल, दोन खुर्च्या, काचेचं दार. फोनमध्ये आमचा क्रमांक टाकला की आता ‘चालू’ असं येतं. दीर दिवसातून दोनदा टाकून बघायचा.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण माझं ते सभेतलं वाक्य पायात घुटमळत राहिलं. ‘वय झालंय, गोंधळतात हल्ली.’ ते या सभेतून त्या इमारतीत गेलं, आणि पहिल्या इमारतीच्या मालकांचं पत्र आलं. चाळीस घरांच्या किल्ल्या अशा गोंधळणाऱ्या माणसाच्या हाती ठेवणं आम्हाला सुरक्षित वाटत नाही. माणूस बदला. माणूस बदलायचा म्हणजे खोलीही गेली, कारण खोली नोकरीबरोबर होती. अंधारात किल्ली ओळखणारा माणूस तो! मी एक पत्र उलट लिहिलं असतं, की ते कधीच गोंधळलेले नव्हते, मी खोटं बोलले, तर मालकांनी ऐकलं असतं. पण ते पत्र कुणाच्याही हाती पडलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती दोरी मी दोनदा ओढली. मी एका महिन्याची सूचना दिली, अतिशय सभ्य भाषेत.

त्यांनी महिना घेतला नाही. सहाव्या दिवशी नव्या कचेरीत कुणीतरी एक पुडकं ठेवून गेलं. उघडलं तर त्याच टॉवेलात गुंडाळलेली पितळेची पाटी, लिंबानं घासलेली. वर एक काड्यापेटी. आत चार स्क्रू.

त्या दिवशी लाज आली. आली ती अशी की काचेच्या दारातून बाहेर बघवेना. रस्त्यावरून कुणीही टोपीवाला गेला की मी फाइलीत डोकं घालायची. घरी ह्यांनी विचारलं, काय झालंय तुला, आठवडाभर ओरडली नाहीस. मी म्हटलं, काही नाही. सांगणार काय? करून सवरून नामानिराळी राहिलेली बाई मी, आणि सगळे मला म्हणत होते, शाबास, कंपनी वाचवलीस.

वही पर्समध्येच होती. एका रविवारी दार लावून मी ती पहिल्या पानापासून वाचली. गॅसवाला, मीटरवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्या. आणि मधे मधे मी. ‘वहिनी आल्या. काम: पंपाबद्दल रागावणे. उत्तर: हो म्हटलं.’ ‘वहिनी आल्या. काम: कचऱ्याबद्दल रागावणे. कचरा शेजारच्या इमारतीचा होता. उत्तर: हो म्हटलं.’ ‘वहिनी आल्या. काम: काही नाही. पाच मिनिटं बसल्या. चहा घेतला.’ ही शेवटची नोंद वाचताना मला रडू फुटलं. दोन वर्षांत ती एकच होती तशी.

मग पुढच्या रविवारी पत्ता शोधत मुलीकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दाराबाहेर चपलांच्या शेवटी त्यांचे बूट होते, नाडी आत खोचून ठेवलेले. मुलीनं दार अर्धवट उघडलं. गळ्यात मोजायची टेप, बाहीला दोऱ्याचे तुकडे. तिच्या मागे भिंतीवर टोपी दिसत होती.

मी विचारलं, बाबा आहेत का?

‘बाबा इथे नाहीत, मॅडम,’ ती म्हणाली. ‘निरोप असेल तर लिहून ठेवा.’

काकूची मॅडम झाले होते, ते सोडा. पण ते वाक्य. माझंच वाक्य, जसं मी शिकवलं होतं तसं, फक्त कंपनीच्या जागी बाबा. तिला ते त्यांनी सांगितलं होतं की ती स्वतः म्हणाली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

मी वही काढली आणि तिथेच जिन्यात उभी राहून लिहिलं. तारीख. कोण आलं: वहिनी. काम: कंपनी तिथेच होती, नाही म्हणून सांगा असं यांना मीच सांगितलं होतं, फोन मला लावला होता, मी उचलला नाही. खाली पूर्ण सही केली, कागदपत्रांवर करते तशी, आणि वही तिच्या हातात दिली. म्हटलं, ही तुमची आहे, कुणालाही दाखवा. उत्तराचा रकाना रिकामा होता. तिनं दारामागून पेन्सिल घेतली आणि तो भरला. ‘बाबा नाहीत असं सांगितलं.’

तेवढ्यात आतून आवाज आला. पाण्याच्या पिंपावर बोट वाजवल्याचा. वर एकदा, मधे एकदा, खाली एकदा. तिनं ऐकला, मीही ऐकला. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो आणि तिनं मान खाली घातली. बिचारीला खोटं बोलायची सवय नसावी.

हे सगळं त्या टेबलासमोर बोलायला हवं होतं. तिथे बोलले असते तर त्याला काही किंमत होती. इथे जिन्यात बोलायला काय लागतं? तरी मी बोलले, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मोठ्यानं बोलायची सवय आहेच मला.

‘त्यांना सांग, निष्काळजी मी होते.’

पिंपावरचं बोट थांबलं.  आतून कुणी आलं नाही. मुलगी म्हणाली, सांगते, आणि हळूच दार लावलं.